दोघांची सहल

लग्नाला चाळीस वर्षे पूर्ण होत आली तेव्हा मुलांनी सभागृह, बँड आणि दोनशे पानांचा बेत मांडला. आमच्या सौभाग्यवतींनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मिस्साला सगळे जाऊ. जेवण मात्र आमचं दोघांचंच. कुठंतरी झाडाखाली, उघड्यावर." मुले हसली. मला हसू आले नाही, कारण जागा शोधण्याचे काम माझ्याच गळ्यात पडणार हे मला कळून चुकले होते.

वसईत जन्मलेल्या माणसाला रम्य स्थळासाठी वणवण करावी लागावी, हे नवलच. माझ्या मनात पहिल्याने किल्ला आला. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने तो जिंकला; त्यापूर्वी सुमारे दोन शतके तेथे पोर्तुगीजांचे नगर नांदत होते. छप्पर हरवलेल्या चर्चच्या कमानींतून दिसणारे आभाळ मला तरुणपणापासून भुरळ घालीत आले आहे. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत जुने कोरीव स्मृतिशिलाखंड आहेत. तेथे बसावे, असे मी सुचविताच उत्तर आले, "भाकरी काय थडग्यावर सोडायची?"

तरीही मी स्कूटरवरून एक फेरी मारून आलो. प्रत्येक कमानीखाली लग्न ठरलेले एकेक जोडपे छायाचित्रकाराच्या आज्ञेनुसार एकमेकांकडे पाहत होते. त्यांच्यात आम्ही उभयता म्हणजे पुरातन अवशेषांत आणखी दोहोंची भर! तुंगारेश्वरची दाट सावली मला प्रिय, परंतु तेथील चढण तिच्या गुडघ्यांना मानवणारी नव्हती.

प्रेषितांना विसावा मिळावा म्हणून प्रभूनेही एकांत स्थळ निवडले होते. पण लोक धावत त्यांच्याआधीच तेथे पोहोचले आणि अखेर पाच हजारांची पंगत हिरवळीवर बसली, असे संत मार्क सांगतो. एकांताच्या बाबतीत प्रत्यक्ष प्रभूची ही गत, मग माझी काय कथा!

शेवटी मी तिलाच विचारले. ती म्हणाली, "राजोडी."

माझा विरसच झाला. "अगं, राजोडीला आपण शंभरदा गेलो असू."

"तुम्ही गेलात," ती म्हणाली. "मी सामान राखायला आले होते."

त्या रात्री मी जुना अल्बम काढला. लाटांत उभी मुले, पुतणे, भाचरे आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला मी. ती एकाच छायाचित्रात सापडली; तेही कडेला, सुरूच्या खोडाशी. मांडीवर टॉवेल, शेजारी डबे आणि चपलांचा ढीग, मनगटावर माझे घड्याळ. ते मीच तिच्या हाती दिले असणार. परंतु "तू येतेस का?" असे विचारल्याचे काही केल्या आठवेना.

आता जागेपेक्षा वेळ महत्त्वाची ठरली. आमच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी फार दूर जाते आणि तेवढे चालणे तिला झेपणार नव्हते. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, पुढे प्रत्येक तिथीस सुमारे पाऊण तास मागे पडत जाते. हा हिशोब वडील बोटांवर करीत. लग्नाच्या वाढदिवशी शुद्ध अष्टमी होती, म्हणजे दुपारी ऐन ओहोटी. म्हणून मिस्सा त्या दिवशी आणि सहल आठवड्याने, पौर्णिमेला, असे ठरविले. रविवार नव्हता, ही आणखी एक कृपा.

जानेवारीचे ऊन मऊ होते. सुरूच्या सावलीत चटई अंथरली. डब्यात फुगे, सुके मटण आणि सुकेळी होती. ती पाण्याकडे निघाली आणि मी चटईवर ठाण मांडून बसलो. इतक्या वर्षांची ती पाळी आता माझी होती.

पाणी तिच्या घोट्यांना लागले. साडी एका हाताने सावरीत ती किती वेळ तशीच उभी राहिली, कोण जाणे. मग वळून तिने हाक मारली, "अहो, येताय ना?"

"आणि सामान?" मी ओरडलो.

"राहू द्या!"

मी गेलो. परतलो तेव्हा कावळ्यांनी डब्याचे झाकण उलथवून फुगे पळविले होते. चिखल-वाळूने माखलेले पाय पसरून आम्ही उरलेली सुकेळी खाल्ली.