चाकणचा गुरुवार आणि चौलचे बंदर

१/ चिंचवडमधील एका जोडप्याला लग्नानंतरच्या तीन वर्षांत सलग दोन दिवस एकत्र मिळाले नव्हते. तो चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला. त्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. ती हिंजवडीच्या एका संगणक कंपनीत. तिची सुट्टी शनिवार-रविवारी. यंदा कार्तिकात तिने गुरुवार आणि शुक्रवार अशी दोन दिवसांची रजा टाकली, त्याने शुक्रवारची पाळी सहकाऱ्याशी बदलून घेतली. ठिकाण ठरले चौल-रेवदंडा. त्या दोन दिवसांच्या आखणीचा आणि त्या वाटेच्या इतिहासाचा हा धागा.

२/ सहलीला एक निमित्त होते. त्याच्या कारखान्यातील एक विभाग दुसऱ्या राज्यात हलणार होता. सोबत जाणार की नाही, हे सोमवारपर्यंत कळवायचे होते. गेला तर दोघांना दोन गावी राहावे लागणार. न गेला तर नोकरीची शाश्वती नाही. घरात हा विषय निघाला की कुणीतरी दूरचित्रवाणीचा आवाज वाढवी. म्हणून त्याला समुद्रकिनाऱ्यावरची शांत खोली हवी होती. तिने सुचवले ते मात्र असे गाव, जिथून व्यापारच उठून गेला.

३/ रेवदंडा आणि चौल ही अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिकेच्या मुखाजवळची जोडगावे. आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत झाकलेले चौल दीड हजार वर्षांहून अधिक काळ नांदते बंदर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ते ‘सेमिल्ला’ म्हणून येते. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल्-मसूदी येथे आला. या ‘सैमूर’मध्ये ओमान, बसरा, बगदाद, सिराफ येथून आलेले सुमारे १०,००० मुसलमान स्थायिक असल्याची नोंद त्याने केली. तेव्हा सत्ता राष्ट्रकूटांची आणि स्थानिक कारभार शिलाहार झंझ राजाचा होता.

४/ चिंचवडहून रेवदंड्याला जाण्याचा नेहमीचा मार्ग खोपोली-पेण-अलिबाग असा. या दोघांनी जाताना खोपोलीहून पाली आणि रोहा गाठायचे ठरवले. पालीला बल्लाळेश्वराचे दर्शन, हे सासूबाईंना सांगण्याचे कारण. दुसरे कारण अफनासी निकितिन. त्व्येर शहरातला हा रशियन व्यापारी १४७० च्या आसपास चौलला उतरला आणि तेथून घाट चढून जुन्नरला गेला. त्याने वाटेवरचे जे पहिले गाव नोंदवले, ते रायगड जिल्ह्यातील पाली असल्याचे अभ्यासक मानतात.

५/ निकितिनने सोबत एक घोडा आणला होता. दख्खनच्या हवेत चांगली घोड्यांची पैदास होत नसे. बहमनी फौजेला लागणारे घोडे अरबस्तान आणि इराणकडून गलबतांतून चौल, दाभोळसारख्या बंदरांत उतरत. येथे घोड्यांना साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी खाऊ घालतात, असे त्याने नवलाने लिहून ठेवले आहे. तो घोडा जुन्नरपर्यंत पोचवायला त्याला १०० रुबल खर्च आला. आज चाकणला तयार झालेली वाहने बंदराकडे उतरतात. तेव्हा वाहने बंदरातून वर चढत होती.

६/ जुन्नरच्या असदखानाने तो घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदलण्यासाठी चार दिवसांची मुदत दिली: बदललास तर घोडाही परत आणि १,००० सुवर्णनाणीही. एका खुरासानी गृहस्थाने मध्यस्थी केली म्हणून घोडा आणि धर्म दोन्ही वाचले. हा प्रसंग वाचून नवरा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मुदत तर यालाही होती.”

७/ असदखान ज्याच्या हाताखाली होता, त्याचा किताब ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख. याच किताबाच्या आधीच्या एका बहमनी सरदाराने पंधराव्या शतकाच्या मध्यास कोकण जिंकण्यासाठी ठाणे घातले ते चाकणला. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्ताखानाविरुद्ध सुमारे दोन महिने झुंजवलेला संग्रामदुर्गही चाकणचाच. नवरा रोज ज्या गावी जातो ते कारखान्यांमुळे रस्त्यावर आले नाही. घाटमाथा आणि बंदरे जोडणाऱ्या वाटांवर ते आधीपासून होते.

८/ गुरुवारची दुपार रेवदंड्यासाठी. पोर्तुगीजांनी १५२१ ते १५२४ या काळात येथे किल्ला उभारला. त्याआधी १५०८ मध्ये याच खाडीच्या मुखाशी इजिप्तच्या आणि दीवच्या आरमारांनी पोर्तुगीजांचा पराभव केला. त्यात व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. तटाच्या आत चर्चचे भग्नावशेष आणि ‘सातखणी’ नावाचा उंच मनोरा आहे. गावातील शाळेच्या आवारात निकितिनचे स्मारकही आहे.

९/ शुक्रवारी सकाळी साळावचा पूल ओलांडून कोर्लई. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या चढल्या की एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी. १७४० मध्ये रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले, पोर्तुगीज गेले. पायथ्याच्या गावातील ख्रिस्ती कुटुंबे मात्र पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली आपली बोली आजही घरात बोलतात. राज्यकर्ते गेल्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली; भाषा राहिली.

१०/ दुपारी चौलचे रामेश्वर मंदिर आणि पुष्करणी, मग अलिबाग-पेणमार्गे परत. चौल का मावळले? खाडी गाळाने भरत गेली, सत्ता बदलल्या आणि उत्तरेला मुंबई वाढली. सतराव्या शतकात चौलच्या रेशीम विणकरांना इंग्रजांनी मुंबईत वसवले. म्हणजे काही जण धंद्यामागे गेले. जे राहिले त्यांच्या वाड्या झाल्या, सुपारी झाली, मासेमारी झाली. कुणाचे चुकले, हे इतिहासातून ठरवता येत नाही. एवढे दिसते, की गेलेल्यांनीही घर केले आणि राहिलेल्यांनीही.

११/ बुधवारी रात्री पिशव्या भरून झाल्या. अलिबागची महागडी खोली रद्द करून रेवदंड्यात वाडीतली घरगुती खोली घेतली होती, यजमानीणबाईंनी दूरध्वनीवर विचारून घेतले होते, “सोलकढी चालते ना?” पहाटे पाचला निघायचे, घाटातली गर्दी टाळायची. तिने यादीवरून शेवटचा हात फिरवला: पाणी, टोपी, कोर्लईसाठी बूट. खाली त्याने स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली होती: “सोमवारचे उत्तर कोर्लईवर बोलू. घरी नको.”

धागा समाप्त.