गव्हावरचे दळण

आमच्या घरी एक दोनशे पानी वही आहे. डाव्या रकान्यात त्या दिवशी खाल्लेले अन्न, उजव्या रकान्यात शरीराने त्यावर दिलेला जबाब. आजार आमच्यापैकी एकीचा, वही मात्र दोघांची. त्यामुळे या लेखातला ‘आम्ही’ हा केवळ शैलीचा भाग समजू नये.

आजाराचे नाव सीलिएक. गहू, जव, राय या धान्यांतील ग्लूटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अस्तरावरचे अंकुर झिजतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. आज हे एका वाक्यात लिहिता येते. तिथवर पोहोचायला आम्हांला तीन वर्षे लागली. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन ९ च्या वर सरकेना, तोंड सतत आलेले, संध्याकाळी पोट नगाऱ्यासारखे. एका डॉक्टरांनी ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून बोळवण केली. तेव्हा आम्ही वही घातली.

दोघेही साहित्याचे अध्यापक. संहितेत अर्थ शोधण्याची खोड अशी की, जिथे तो नाही तिथेही तो सापडतो. पहिल्या महिन्यात वांगे दोषी ठरले, दुसऱ्यात टोमॅटो, तिसऱ्यात उत्तरपत्रिका. काकतालीय न्याय वर्गात समजावून सांगणे सोपे. स्वतःच्या ताटाकडे पाहताना मात्र कावळा बसला म्हणूनच फांदी तुटली, अशी खात्री वाटत राहते. वांगे पुढे निर्दोष सुटले. दुधाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते. दूध प्याले की त्रास होई, वही खोटे सांगत नव्हती. पण झिजलेल्या आतड्यात दुधातली साखर पचवणारे विकर कमी पडते. म्हणजे दूध हे कारण नव्हतेच, परिणामाचा भाग होते. आतडे भरून आल्यावर ते निमूटपणे घरात परतले.

गव्हाचा शोध अपघाताने लागला. एका उन्हाळ्यात कुणाच्या तरी सांगण्यावरून पोळी बंद केली, बरे वाटले, आणि आम्ही विजयी मुद्रेने रक्त तपासून घेतले. अहवाल स्वच्छ! गहू सोडला की रक्तातली प्रतिपिंडे ओसरतात आणि तपासणी फसू शकते, हे आम्हांला ठाऊक नव्हते. मग डॉक्टरांच्या आज्ञेने सहा आठवडे रोज पोळी. जे अन्न बाधते असा संशय आहे, तेच आपल्या माणसाच्या ताटात आपल्या हाताने वाढायचे. त्या दिवसांविषयी वहीत केवळ नोंदी आहेत, आणि तेवढ्या पुरेत. त्यानंतर रक्ताने कबुली दिली, दुर्बिणीतून घेतलेल्या आतड्याच्या तुकड्याने दुजोरा दिला.

या निदानामागे नेदरलँड्समधले विलेम डिके हे बालरोगतज्ज्ञ आहेत. त्यांना गव्हाचा संशय युद्धापूर्वीपासून होता. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात तिथे पाव मिळेनासा झाला, तेव्हा इतर लोक खंगत असताना ही आजारी मुले सुधारली. पाव परतला, आजार परतला. १९५० साली डिके यांनी त्यावर उत्रेख्तला प्रबंध सादर केला.

आमचे दुखणे मात्र गहू गेल्यावरही थांबेना. ज्वारीची भाकरी, भात, आमटी, आणि तरीही दर दहा-बारा दिवसांनी उजवा रकाना भरलेला. संशय आईवर गेला. हे लिहिताना संकोच वाटतो, पण गेला. आमटी दाट व्हावी म्हणून ती कणीक तर लावत नसेल? आम्ही आडून विचारले, तिला ते सरळ कळले. “मी काय विष कालवते का रे तुमच्या आमटीत?” एवढे बोलून ती देवघरात जाऊन बसली.

दोष आमटीत होता, आईत नव्हता. फोडणीतला हिंग बांधणीचा, आणि बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ वा मैदा असतो. डबीवर तसे बारीक अक्षरांत छापलेही होते. विद्यार्थ्यांना सूक्ष्म वाचनाचा आग्रह धरणाऱ्या आम्ही दोघांनी ती ओळ कधी वाचली नव्हती.

दुसरा गुन्हेगार आईनेच पकडला. “उपवासाचं दळण मी गव्हावर दळू देत नाही, मग हिची ज्वारी गव्हावर कशी चालेल?” गिरणीच्या जात्यात राहिलेले गव्हाचे पीठ आमच्या भाकरीत येत होते. तिच्या सोवळ्याची आम्ही पंधरा वर्षे थट्टा केली होती. आता आमच्याच स्वयंपाकघरात वेगळे पोळपाट, वेगळा तवा, वेगळी चाळणी. कणकेचा हात इकडे लागला तर आम्हीच ओरडतो. ज्वारी घरी दळली जाते, आणि हिंग खड्याचा. तो आई खलबत्त्यात स्वतः कुटते. तिची क्षमा आम्ही रीतसर मागितली नाही. छोटी घरघंटी आणली, तेव्हा तिने तिला हळदकुंकू लावले. बहुधा त्यातच ते मिटले.

अजूनही कधीतरी विनाकारण तोंड येते. उजवा रकाना भरतो, डाव्यात लिहिण्याजोगे काही सापडत नाही. आईला ती कोरी जागा आवडत नाही. ती चष्मा लावून वही ओढते आणि तिथे पेन्सिलीने लिहून ठेवते, ‘दमली असेल’.