बांधावरून

महाडहून पोलादपूरकडे निघालं की सावित्रीचं खोरं अरुंद होत जातं. पुढे एक रस्ता कशेडी चढून रत्नागिरी जिल्ह्यात उतरतो, दुसरा आंबेनळी घाटानं महाबळेश्वर गाठतो, आणि मधल्या उतारांवर वाड्या बसलेल्या आहेत. भर दुपारी अशा वाडीत गेलं तर भेटतात आजी-आजोबा आणि शाळेतून परतलेली पोरं. मधली पिढी मुंबईला. गिरण्या होत्या तेव्हा लालबाग-परळला होती, आता दिव्याला, नालासोपाऱ्याला आहे. इथली कितीतरी नातवंडं आजीच्या हातची तांदळाची भाकरी खाऊन मोठी होतात आणि आईबाप त्यांना सणासुदीला भेटतात. म्हणून या मुलखातल्या म्हाताऱ्या माणसांचं नातवंडांकडे पाहणं मला नेहमी वेगळं वाटत आलं आहे. दूर असलेल्या मुलाच्या वाट्याचं पाहणंही तेच करत असतात.

भात कापून, झोडून झालं की एखादं शेत कबड्डीला मोकळं होतं. ढेकळं फोडायची, खडे वेचायचे, पाणी शिंपून माती चोपायची, चुन्यानं रेघा मारायच्या. संध्याकाळी दिव्यांचा झोत पडतो, लाउडस्पीकर सुरू होतो. पण म्हातारी माणसं त्याच्या कितीतरी आधी येऊन बांधावर बसलेली असतात. अंगाखाली पोत्याची घडी, डोक्याला कानटोपी, काठी मांडीवर. गुण किती झाले याकडे त्यांचं फारसं लक्ष नसतं. लक्ष पायांकडे. नातू चढाईला गेला की तो बोनसची रेघ गाठतो की नाही, यापेक्षा त्याची टाच जमिनीवर कशी पडते हे आजोबा बघतात. “डावा पाय जड पडतोय त्याचा,” असं शेजारच्याला हळूच सांगतात. आणि सकाळी नातवाचा तो गुडघा खरंच सुजलेला असतो.

ही नजर कुठून आली, ते त्यांच्याजवळ बसून बोललं की कळतं. त्यांचं बालपण गुरांमागे गेलं. सकाळी पेज प्यायची, गुरं डोंगराला न्यायची आणि माळावर हुतूतू मांडायचा. तिथे तीस सेकंदांचं घड्याळ नव्हतं. छातीत दम आहे तोवर चढाई. पंच नव्हते, आणि बघायलाही कुणी नव्हतं. गुरं कुणाच्या वरी-नाचणीत शिरली की डाव मोडायचा, आणि घरी गेल्यावर पाठ सोलून निघायची. हाच खेळ अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ साली बर्लिनला नेऊन दाखवला. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तो पदकाचा खेळ झाला. २०१४ पासून प्रो कबड्डीमुळे तो रोज रात्री टीव्हीवर दिसू लागला. पण सह्याद्रीच्या या पायथ्याला ज्यांनी गुरं राखता राखता पकडी केल्या, त्यांची एकही पकड कुणी पाहिली नाही. म्हणूनच ती माणसं आज इतका जीव ओतून पाहत असावीत.

गुरांकडेही ते असेच पाहतात. किंबहुना पाहायला ते शिकले गुरांकडूनच. दिवाळीच्या पाडव्याला पोरं बैल धुतात, अंगावर गेरूचे ठसे उठवतात, शिंगं रंगवतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि आपापलं जनावर देवळापर्यंत मिरवत नेतात. नातू पुढे, हातात कासरा. आजोबा चार पावलं मागे. “ओढू नको. तू चाल, तो येतो,” एवढंच सांगतात. इथला गावठी बैल चणीनं लहान. घाटावरच्या खिलारासारखा डोळ्यांत भरणारा नव्हे. पण चार महिन्यांचा कोसळता पाऊस, दगडाळ उतार आणि वाळका पेंढा एवढ्यावर तो निभावतो, आणि अरुंद खाचरात जागच्या जागी वळतो. २०१८ साली कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं ‘कोकण कपिला’ या नावानं या जातीची नोंद केली. तोवर गोठे ओस पडायला लागले होते. पॉवर टिलर आले, आणि गुरं राखायला पोरं उरली नाहीत.

कशेडीपलीकडे, चिपळूण-संगमेश्वराकडे, पावसाळ्यात नांगरणी स्पर्धा भरतात. गुडघाभर चिखलात जोडी घालायची आणि नांगर धरून तिच्यामागे पळायचं. कमी वेळात फेरी पुरी करेल तो जिंकला. घाटी आणि गावठी जोड्यांचे गट वेगळे. बैलगाडा शर्यतींविषयी पुष्कळ लिहून आलं: २०१४ ची बंदी, डिसेंबर २०२१ मध्ये मिळालेली परवानगी, १८ मे २०२३ रोजी राज्याचा कायदा वैध ठरवणारा घटनापीठाचा निकाल. मला मात्र शर्यतीच्या धुरळ्यापेक्षा हा चिखल जवळचा वाटतो. इथे नातवाला आजोबांचं काम करून दाखवावं लागतं, आणि ते काम जन्मभर केलेली माणसं समोर बसलेली असतात. जू मानेवर कुठे टेकलं, नांगर किती खोल गेला, वळताना आतल्या बैलाला दम दिला की नाही, सगळं त्यांना दिसतं. जनावर धापा टाकायला लागलं तर पहिली हाक बांधावरून येते: “बस कर. सोड त्याला.” नातू हरला तरी त्यांना चालतं.

२२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड आली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही. माणसं गेली, घरं गेली, दावणीची जनावरं गेली. तेव्हापासून पावसाळ्यात पोरं कुठेही खेळत असली तरी आजोबांची मान मधूनच वर, कड्याकडे वळते.

आणि आज्यांबद्दल तर सांगायलाच हवं. आजोबांना निदान माळ तरी मिळाला होता. आजीच्या वाट्याला हुतूतूही आला नाही. डोक्यावर गवताचा भारा, कमरेला विळा, पावसात इरलं, लावणीला दिवसभर वाकलेली कंबर. तिच्या पायांत जे बळ होतं ते कोणत्याही मैदानानं पाहिलं नाही. आता तिची नात हाफपँट घालून चढाईला जाते, आणि पहिल्यांदा पाहताना जिनं पदराआड तोंड लपवलं होतं ती आजी आता बांधावरून खाली उतरून रेघेपाशी उभी असते. मुलगा मुंबईहून फोनवर असतो. त्याला सामना दाखवायचं तिनं कबूल केलेलं असतं. पण नात पकडीत सापडली की फोन धरलेला हात खाली येतो, आणि त्याला तिकडे दिसते ती फक्त लाल माती. “आये, काय झालं? सांग की!” तो विचारत राहतो. पंच हात करतात, आजी, मागे सरा. आजी सरत नाही. “हात लांब कर गं! रेघ हाय तिथंच, हात लांब कर!”