जुम्म्याची गोळी

आमच्या घरात एका गोळीला नाव आहे, जुम्म्याची गोळी. नाव अम्मींनी, म्हणजे सासूबाईंनी ठेवलं. मला आठ वर्षांपासून आमवात आहे. वयानुसार गुडघे झिजतात तो हा आजार नव्हे. यात शरीराची रोगाशी लढणारी फौज स्वतःच्याच सांध्यांवर चालून जाते. त्यावरचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट, आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. कुणी चुकून रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्त तयार व्हायचं थांबतं, जीवही जाऊ शकतो. म्हणून ती गोळी आमच्याकडे रोजच्या औषधांच्या डब्यात नसते. तिचा वार शुक्रवार, कारण शुक्रवार कुणी विसरत नाही. हे नमाजहून परतले की टोपी काढायच्या आधी विचारतात, "घेतली का?" फॉलिक अॅसिडची गोळी सोमवारी.

आम्ही हेमलकशात राहतो. यांची नोकरी नदीपलीकडे भामरागडला. मी बी.एड. केलं ते उर्दू आणि मराठी घेऊन. इथं उर्दूचा वर्ग नाही, त्यामुळे दिवसा माडिया मुलांना मराठी शिकवते आणि मगरिबनंतर ओळखीच्या दोन-तीन घरांतल्या मुलांना उर्दूची अक्षरं गिरवायला लावते. (माडिया मुलांना मराठीही परकीच, हे इथं येईपर्यंत माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.) 23 डिसेंबर 1973 रोजी बाबा आमट्यांनी इथं लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी झाडाखाली रुग्ण तपासायला सुरुवात केली, त्याचा आज मोठा दवाखाना झाला आहे. तरी पावसाळ्यात पर्लकोटा चढली की भामरागड पलीकडे राहतं आणि आलापल्लीच्या रस्त्यावरचे नाले भरतात. माझ्या सांध्यांचे डॉक्टर नागपूरला आहेत. जूनआधी रक्ताची आणि यकृताची तपासणी करून तीन महिन्यांची औषधं आणून ठेवायची, हा आमचा दरवर्षीचा नेम.

आणि पाऊस म्हणजे मलेरिया. महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा वाटा एकट्या गडचिरोली जिल्ह्याचा, त्यातही मेंदूपर्यंत जाणारा फाल्सिपेरम जास्त. माझं दुसरं औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. ते मलेरियाच्या जुन्या क्लोरोक्विनचं भावंडं. त्यामुळे नात्यातले लोक म्हणतात, "तुला तर मलेरियाचीच गोळी रोज चालू आहे, तुला कसली भीती?" पण फाल्सिपेरम क्लोरोक्विनला केव्हाच पुरून उरला आहे. त्या गोळीच्या भरवशावर मच्छरदाणी सोडून झोपणं हा निव्वळ वेडेपणा. ती गोळी सांध्यांसाठी आहे, आणि तिच्यापायी डोळ्यांचा पडदा वेळोवेळी तपासून घ्यावा लागतो.

मागच्या ऑगस्टमध्ये मला थंडी वाजून ताप आला. हे पुलापलीकडे अडकलेले, घरात मी, मुलगी आणि अम्मी. दवाखान्यात बोट टोचून तपासलं, फाल्सिपेरम निघाला. आपल्या देशात बऱ्याच भागांत बरीच वर्षं त्यावर आर्टेसुनेटबरोबर सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनची गोळी देत आले आहेत. लाखो लोक तिने बरे झाले. पण ती गोळी मलेरियाच्या जंतूचं फॉलेट अडवते, आणि मेथोट्रेक्सेटही माणसाच्या पेशींत तेच करतं. दोन्ही एकत्र पोटात गेली तर हाडांतला मगज रक्त बनवणं सोडू शकतो. नागपूरच्या डॉक्टरांनी माझ्या कार्डावर लाल शाईने लिहून दिलं होतं की सल्फाची औषधं देऊ नयेत. मुलीने ताप तपासायच्या आधी ते कार्ड पुढे केलं. मला दुसरी जोडगोळी मिळाली, आर्टेमेथर आणि ल्युमेफॅन्ट्रिनची, आणि ताप उतरून रक्ताचा रिपोर्ट ठीक येईपर्यंत जुम्म्याची गोळी बंद. अल्लाहचा शुक्र, सहाव्या दिवशी उठून बसले. पण सांधे गप्प बसले नाहीत. त्या दोन आठवड्यांत मला पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचलावा लागत होता.

हीच अडचण साध्या दुखण्यांतही येते. लघवीच्या जळजळीला सर्रास लिहून दिली जाते ती को-ट्रायमोक्साझोल, म्हणजे लोकांच्या तोंडची सेप्ट्रान, हीसुद्धा सल्फाचीच. एका गावी डॉक्टरांनी काही न विचारता ती लिहिली होती. मी कार्ड दाखवल्यावर बदलून दिली, पण चेहऱ्यावर नाराजी होती. असू द्या. आमच्या बायका डॉक्टरांपुढे बोलायला लाजतात, आणि मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या तरुण मुलींनी तर बोललंच पाहिजे, कारण त्या गोळीवर असताना गर्भ राहणं बाळासाठी घातक आहे. लग्न ठरवताना लपवलेली चिठ्ठी पुढे फार महागात पडते.

लसींचा प्रश्न निराळा. खाला म्हणतात, "आधीच अंग कमजोर, वरून टोचून कशाला घेतेस?" त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. लसी दोन प्रकारच्या. काहींत जिवंत पण दुबळा केलेला जंतू असतो, जसे गोवर किंवा तोंडावाटेचे पोलिओचे थेंब. माझ्यासारखीने त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. फ्लू, न्यूमोनिया, धनुर्वात यांच्या नेहमीच्या इंजेक्शनांत जिवंत जंतू नसतो. त्यांनी रोग होत नाही, उलट अंग कमजोर असल्यानेच त्यांची गरज जास्त. हजला जाणाऱ्यांना लागणारी मेनिंजायटिसची लसही अशीच. 2000 साली हजयात्रेत त्या रोगाची साथ उद्भवली आणि हाजींबरोबर अनेक देशांत गेली. त्यानंतर चारही प्रकारांविरुद्धची लस सक्तीची झाली. लसीतल्या जिलेटिनबद्दल मनात किंतु असणाऱ्यांसाठी सांगते, मूळ पदार्थाचं रूप पूर्ण पालटलं तर तो हलाल ठरतो, असा निर्णय मुस्लिम उलमा आणि डॉक्टरांनी 1995 मध्ये एकत्र बसून दिला आहे.

खरी ओढाताण फ्लूच्या लसीची. मेथोट्रेक्सेट चालू असताना ती नीट लागू पडत नाही. ती घेतल्यावर दोन आठवडे गोळी थांबवली तर शरीर चांगली प्रतिकारशक्ती तयार करतं, म्हणून सांध्यांचा आजार आटोक्यात असेल तर तसा सल्ला देतात. म्हणजे दोन जुम्मे गोळीविना. मे महिन्यात मी शाळेच्या सुट्टीत ते करून पाहिलं. दुसऱ्या आठवड्याला बोटं सकाळी तासभर वळेनात, पण खडू धरायचा नव्हता. न्यूमोनियाची लस त्याआधीच झाली होती, तिला गोळी थांबवावी लागत नाही. नागिणीची नवी लस 2023 पासून आपल्याकडे मिळते, तीही जिवंत नाही, पण दोन डोसांचा खर्च बघून मी ती पुढे ढकलली आहे. मुलीची बारावीची फी आधी.

रमजानचंही दरवर्षी नव्याने ठरवावं लागतं. सांधे शांत असतील तर रोजे होतात, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन इफ्तारनंतर जेवणावर घेते. ज्या वर्षी सांधे सुजून स्टेरॉईड चालू होतं, त्या वर्षी अकरा रोजे सुटले. सूरह बकरहमध्ये आजाऱ्याला नंतरच्या दिवसांत ते पुरे करण्याची मोकळीक आहे. अम्मींनी ती आयत मला स्वतः काढून दाखवली, आणि सहेरीला मला उठवलं नाही.

यंदाची औषधं आणून झाली आहेत. लाल शाईचं कार्ड पुसट झालं होतं म्हणून मुलीने त्याच्या तीन प्रती केल्या. एक माझ्या पर्समध्ये, एक यांच्या खिशात पुलापलीकडे आणि एक मच्छरदाणीच्या खुंटीला.