माठाची पलीकडची कड

खिडकीजवळच्या टेबलावर मातीचा माठ ठेवला, की त्याची अंधारी बाजू कडेपर्यंत एकसारखी काळी असणार, असं नवशिका धरून चालतो. पेन्सिल दाबत तो थेट बाह्यरेषेला भिडतो आणि कागदावरचा माठ चपटा होतो. नीट पाहिलं तर सर्वांत गडद पट्टा कडेच्या अलीकडेच संपतो. त्यापलीकडे, टेबलावर पडून वर उसळलेला मंद उजेड माठाच्या पोटाला लागलेला असतो. हा परावर्तित प्रकाश चित्रात उतरला, की माठाला पाठ आहे हे जाणवू लागतं.

इथंच हात आवरावा लागतो. सावलीतला हा उजेड कितीही मोहक वाटला, तरी प्रकाशाच्या बाजूच्या सगळ्या छटांपेक्षा तो गडदच राहायला हवा. थोडा जास्त उजळला, तर मातीचा माठ पत्र्याचा भासतो. डोळे किलकिले करून पाहणं ही याची जुनी, खात्रीची परीक्षा: बारकावे पुसट होतात, उजेड आणि सावली असे दोनच मोठे आकार उरतात, आणि परावर्तित प्रकाश निमूट सावलीत मिसळतो.

हे साधण्यासाठी पेन्सिलीचा स्वभाव माहीत असावा लागतो. १७९५ मध्ये फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते यांनी ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून शिसं भाजण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. माती जास्त असेल तर शिसं कठीण आणि फिकं. ग्रॅफाइट जास्त असेल तर मऊ आणि काळं. ६बीसारखी मऊ पेन्सिल सुरुवातीलाच दाबली, तर कागदाचा खरखरीतपणा चेपतो, ग्रॅफाइट चकाकतं आणि सावलीच चमकू लागते. म्हणून मुरलेला चित्रकार आधी २बीचे हलके थर माठाच्या गोलाईबरोबर वळवत नेतो. मग ४बी. ६बी मात्र माठ टेबलाला टेकतो त्या चिंचोळ्या फटीपुरतीच.

पडछायाही एकसारखी भरायची नसते. खिडकीचा उजेड रुंद जागेतून येतो, त्यामुळे सावली माठापाशी रेखीव असते आणि लांब जाताना तिची कड विरत जाते.

शेजारी पितळी तांब्या ठेवला, तर हात बदलावा लागतो. माठावर उजेड पसरतो; तांब्यावर त्याची लख्ख रेघ उमटते आणि तिला लागूनच काळाकुट्ट पट्टा येतो. तिथं मधल्या छटांना फारशी जागाच नसते.