मानणारे आणि पाहणारे

मानला तर देव, नाही तर दगड, ही म्हण वाद मिटविण्यासाठी योजली जाते. माझ्या मनात मात्र तिने अलीकडे वाद सुरू केला आहे. तीत मानणाऱ्याची सोय आहे, न मानणाऱ्याचीही आहे; ज्याला प्रत्यक्ष दिसले त्याची मात्र कोणतीच सोय नाही.

गोव्यात १६१९ साली टेकडीवरील ज्या लाकडी क्रूसावर ख्रिस्त दिसल्याचे सांगितले गेले, तो आज जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये आहे, आणि तो वाढतो अशी भाविकांची श्रद्धा आहे. फ्रान्समधील लूर्दला १८५८ साली ‘एक स्त्री’ दिसली ती सरपण वेचायला गेलेल्या चौदा वर्षांच्या दरिद्री बर्नाडेटला. फौजदाराने तिचा जबाब घेतला, सरकारी हुकुमाने दर्शनाच्या गुहेची वाट बंद झाली, आणि बिशपने चौकशीअंती १८६२ मध्ये ते मेरीचे दर्शन खरे ठरविले. १९१७ साली पोर्तुगालमधील फातिमाला ज्यांना असेच दर्शन झाले, ती मेंढरे राखणारी तीन मुले होती.

सरपण वेचणारी, मेंढरे राखणारी! आमच्या सिंदेवाहीकडे मोहफुलांच्या दिवसांत पहाटेच्या अंधारात रानात शिरणाऱ्या बायांनाच वाघ दिसतो. कचेरीत बसणाऱ्याला तो क्वचितच दिसतो. बाई धापा टाकीत गावात येते. कोणी म्हणतो, रानडुक्कर असेल. मग वनखात्याची माणसे ठसे पाहतात, झाडाला कॅमेरा बांधतात, गुरे मारली असल्यास पंचनामा करतात. तोवर बाईचे सांगणे तहकूब. तिला खोदून विचारावे, तर वाघ केवढा होता हे तिला धड सांगता येत नाही. आपले पाय कसे गळाले, तेवढे ती पुनःपुन्हा सांगते. मला तर तो तपशीलच अधिक विश्वसनीय वाटतो. पण पाय भासानेही गळतात, हेही नाकारता येत नाही.

वाघासाठी निदान कॅमेरा आहे; दर्शनासाठी तोही नाही. रोमच्या चर्चने १७ मे २०२४ रोजी जाहीर केलेल्या नियमांनुसार लूर्द-फातिमासारख्या दर्शनांना अलौकिक म्हणून घोषित करण्याचा प्रघात सोडून, भक्तीची फळे पाहून, फार तर ‘हरकत नाही’ एवढेच म्हणावयाचे ठरले. १९८१ पासून दर्शनांसाठी गाजणाऱ्या बोस्नियातील मेजुगोर्येलाही त्याच वर्षी एवढाच दाखला मिळाला. हा विवेक की कारकुनी सावधगिरी, हे मला ठरविता येत नाही. लूर्दचे दर्शन मान्य करणाऱ्या बिशपचे धाडस मोठे होते असे म्हणावे, तर त्याच्याही हाती शेवटी एका मुलीचा शब्द, झऱ्याचे पाणी आणि बरे झालेले काही रोगी एवढेच होते.

एक गोष्ट मात्र तेव्हाही होती, आजही आहे: चर्चने मान्य केलेल्या दर्शनावरही विश्वास ठेवण्याचे बंधन कोणाही कॅथलिकावर नाही.