शेवटचं नाव

मंडळी, आज थोडं प्रोग्रामिंग. घाबरू नका, आमच्या मावशीलाही समजेल असं लिहितोय :-)

आमच्या परभणीकडं लेकरू चार वर्षांचं झालं की म्हणतात, "पाचवं लागलं." पाचवं चालू, पण पूर्ण झालेली चारच. जावातली लिस्ट अगदी अशीच मोजते. पहिलं नाव शून्यावर, पाचवं चारवर. मोजणी शून्यापासूनच का करावी, यावर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ साली एक छोटं टिपणच लिहिलंय.

आता पाच नावांच्या यादीत इंडेक्स पाच मागितला, म्हणजे सहावं नाव मागितलं. ते नाहीच! जावा तिथंच थांबते आणि सांगते, "इंडेक्स ५ आउट ऑफ बाउंड्स फॉर लेंग्थ ५." सी भाषा अशा वेळी अडवेलच असं नाही, मेमरीतलं काहीबाही हातात ठेवून पुढं जाऊ शकते.

भाचा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पीक विम्याची यादी करत होता. लूपमध्ये अट होती, इंडेक्स साइजपेक्षा 'कमी किंवा तितकाच'. आला एरर. मग त्याने 'तितकाच' काढलं, वर साइजमधून एक वजाही केला. एरर गेला, स्वारी खूश!

पण यादीतला शेवटचा शेतकरीही गेला. आणि याबद्दल जावा चकार शब्द काढत नाही.

मी त्याला म्हटलं, यादीत एकच नाव ठेवून चालव. काहीच छापलं गेलं नाही, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. रिकामी यादीही तपासावी. साइज शून्य, त्यातून एक वजा केला की उणे एक, आणि त्या जागेवर कुणीच नसतं.

लूपमध्ये नावं काढतानाही असंच होतं. रेशनच्या रांगेतून एक जण निघाला की मागचे सगळे एक पाऊल पुढं सरकतात. मोजणाराही पुढं सरकला, तर मधला एक सुटतो. त्यावर उपाय म्हणजे शेवटाकडून मोजत यायचं, किंवा २०१४ च्या जावा ८ पासून आलेलं रिमूव्ह-इफ वापरायचं.

एररला ट्राय-कॅचमध्ये गुंडाळून गप्प करणारेही भेटतात. मला ते पटत नाही. ओरडणारी चूक निदान सापडते. गप्प बसलेल्या चुकीचा भुर्दंड यादीतला शेवटचा माणूस भरतो, आणि आपलं नाव का आलं नाही हे त्याला कधी कळतही नाही.